तिसऱ्यांदा विचारल्यावर

त्या पुण्याच्या मुलीने मला ‘ट्रिगर’ म्हटलं, हे मी विसरलेले नाही. एका बाईच्या वाट्याला लढाई आली, देश सोडणं आलं, वर दिल्लीतले घरमालक आले, आणि एवढं सगळं सोडून तिच्या त्रासाचं कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते माझ्याकडे. मी पडदे शिवून विकते. बंदुका विकत नाही.

आधी माझं सांगते, म्हणजे राग कुठून येतो ते कळेल. आमचं गाव साताऱ्याकडचं, धरणात गेलेलं. आडनाव अजून त्याच गावावरून लावतो, गाव मात्र पाण्याखाली आहे. पुनर्वसनाच्या कचेरीत माझे वडील हात जोडून हळू आवाजात म्हणाले, “साहेब, जमेल तसं बघा.” साहेबांनी जमेल तसंच बघितलं. आम्हाला मुरमाड उतार मिळाला. आमच्या शेजाऱ्याने तिथेच टेबलावर हात आपटून आरडाओरडा केला, त्याला रस्त्याकडेची सपाट जागा मिळाली. मी तेव्हा परकरपोलक्यात होते, पण माझा आवाज मी त्या दिवशी ठरवला.

लग्न होऊन दिल्लीला आले. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, स्वभावाने अगदी माझ्या वडिलांसारखे, म्हणजे जमेल तसं बघणारे. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये शेजारणींचे पडदे शिवता शिवता मी भोगलच्या एका गल्लीत स्वतःचं दुकान काढलं. चांदनी चौकातले कापडवाले पहिल्यांदा मला “बहनजी, आगे देखो” म्हणायचे. आता मी पायरी चढताना दिसले की आत कोणीतरी म्हणतं, “आ गईं,” आणि मालक पाणी पिऊन घेतो.

भोगलमध्ये अफगाण लोक बरेच. आमच्या दुकानाच्या बाजूलाच त्यांची नानची भट्टी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर राहणारी एक बाई एक दिवस दुकानात आली आणि शिवणकाम मागू लागली. चाळिशीची, अंगाने बारीक, डोक्यावर रुमाल. ती हेरात नावाच्या शहरातली. मराठी माणसाला गावाचं नाव कळलं की आडनाव आपोआप तयार होतं. आमच्या यजमानांनी त्याच दिवशी तिचं नाव हेरातकरबाई ठेवलं. ती मला खालाजान म्हणायची, म्हणजे मावशी. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, तिची हिंदी मालिका बघून शिकलेली होती, त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध.

पडद्याच्या चुण्या तिच्यासारख्या कोणाला जमत नसत. आणि सभ्यता तर इतकी की अंगावर यावी. यजमान दरवर्षी इथल्या मराठी मंडळींबरोबर पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात. तिथून आले की दोन-तीन दिवस त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. तशा एका संध्याकाळी ते दुकानात बसून तिला सांगू लागले की तुमच्याकडच्या फौजा आल्या, आमची एक पिढी कापली गेली. हेरातकरबाईने कात्री खाली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि त्याबद्दल माफी मागितली. यजमान इतके ओशाळले की पुढच्या वर्षी परत आल्यावर त्यांनी दुकान टाळून थेट घरी जाणं पसंत केलं.

तिचा नवरा गेलेला. कसा गेला ते तिने सांगितलं नव्हतं. म्हातारी आई तिच्या भावाबरोबर एका थंड देशात पोचली होती आणि तिथे फोनवर रोज रडत होती. भावाने हिच्यासाठी अर्ज केला होता. दूतावासात मुलाखत व्हायची होती. ती झाली की जायचं, एवढाच प्रश्न होता.

मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि गप्प चुण्या घालत बसली. मी विचारलं, काय झालं. थोडं थोडं करून बाहेर आलं. साहेबाने विचारलं होतं, तुम्ही कशा आहात. ही म्हणाली, देवाची कृपा आहे. साहेबाने विचारलं, दिल्लीत काही त्रास? ही म्हणाली, छे, सगळे फार चांगले लोक आहेत. मग विचारलं, तुमच्या देशात तुम्हाला काय अडचण होती? ही म्हणाली, अडचण काही नव्हती, आपण कसे आहात, घरी सगळे बरे आहेत ना?

“तू असं म्हणालीस?” मी म्हटलं.

“खालाजान, तो थकलेला दिसत होता.”

त्यानंतर साहेबाने नवऱ्याबद्दल विचारलं. तेव्हा मात्र तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही, बराच वेळ. साहेब भला असावा. त्याने कागद बंद केला नाही. निर्वासितांचं काम बघणाऱ्या एका संस्थेकडे पाठवलं, तिथल्या काउन्सेलरला भेटा म्हणून सांगितलं आणि पुन्हा एकदा बोलावतो म्हणाला. ही दुसरी वेळ शेवटची.

काउन्सेलर हा शब्द भट्टीवर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी नानच्या रांगेत बायकांची सभाच भरली. मीही होते, कारण त्या भट्टीचा नान मला आवडतो आणि सभाही आवडते.

एक म्हणाली, “तिथे जाऊ नकोस. तिथे गोळ्या देतात. माणूस झोपतं आणि दूतावासाचा फोन येऊन जातो.”

दुसरी म्हणाली, “उलट आहे. जो जास्त रडतो त्याची फाइल पुढे सरकते. माझी नणंद पुरेशी रडली नाही, अजून इथेच आहे.”

“वेड्यांना कुठलाच देश घेत नाही,” तिसरी म्हणाली. “तिथे गेलीस म्हणजे तूच लिहून दिलंस की डोकं ठीक नाही.”

“माझ्या पुतण्याला तिथे श्वास घ्यायला सांगितलं,” चौथी म्हणाली.

“मग आधी काय करत होता?”

“तेच तर मी विचारलं.”

हेरातकरबाई माझ्याकडे बघत होती. मी तरी काय सांगणार. आमचं गाव उठलं तेव्हा आम्हाला कसं वाटतंय हे विचारायला कोणी आलं नव्हतं. आला तो साखळी घेतलेला मोजणीदार. नव्या गावात माझी एक चुलती बोलायची बंद झाली, दाराकडे पाठ करून बसायची. तिच्यासाठी देवऋषी आणला. तो म्हणाला, ग्रामदेवी पाण्यातच राहिली, ती रुसली आहे. कोंबडा आणि नारळ घेऊन गेला. चुलती बरी झाली नाही, पण देवऋषी येणार म्हटलं की सकाळपासून केस विंचरून बसायची. ते एक असो. पण देवऋषीचा व्यवहार सरळ होता. ही काउन्सेलर तर काहीच घेत नव्हती. फुकट काही वाटायला आलं की पाठोपाठ कोणीतरी यादी करायला येतं, हे धरणात गेलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही, आणि हेरातच्या माणसालाही नसावं.

“जायला तर पाहिजे,” मी म्हटलं. “साहेबाने सांगितलंय. मी येते बरोबर. काही गडबड वाटली तर मी आहे.”

“तुम्ही असाल तर मला भीती नाही,” ती म्हणाली. हे तिचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्या मुलीने याच्या बरोबर उलटं काढलं.

संस्थेची खोली आमच्याच गल्लीच्या टोकाला एका दवाखान्याच्या वर होती. प्लायवूडचं पार्टिशन घालून एकीच्या दोन केल्या होत्या. काउन्सेलर तिशीच्या आतली, चष्मेवाली, कॉटनचा कुर्ता. माझी हिंदी ऐकून लगेच म्हणाली, “काकू, तुम्ही मराठी का? मी पुण्याची.” मला एकदम बरं वाटलं आणि लगेच सावध झाले. पुण्याच्या दुकानदाराशी घासाघीस होत नाही. तो एक भाव सांगतो आणि पेपर वाचायला लागतो.

“तुम्ही बाहेर बसा हं काकू,” ती गोड आवाजात म्हणाली. “हे सेशन त्यांचं आहे.”

मी बाहेर बसले. प्लायवूड बारीक होतं, तो माझा दोष नाही.

“कशा आहात तुम्ही?” मुलीने विचारलं.

“शुक्र आहे, बरी आहे. तुम्ही कशा आहात?”

“मी ठीक. झोप लागते का?”

“लागते, देवाची कृपा. तुमच्या आई कशा आहेत?”

“आपण तुमच्याबद्दल बोलूया का?”

पंख्याचा आवाज. पुन्हा मुलगी काहीतरी एकदा विचारते, ही सगळं छान आहे म्हणते, मग पुन्हा पंखा. वेळ संपल्यावर हेरातकरबाई बाहेर आली ती काळजीत.

“काय झालं?” मी विचारलं.

“बिचारीच्या घरी काहीतरी झालंय,” ती म्हणाली. “मी दोनदा आईचं विचारलं. सांगतच नाही. आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवलाय, रडत असणार दिवसभर.”

असं आणखी एकदा झालं. तिसऱ्या खेपेला मी बाहेर बसून ऐकत असताना माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी चमकलं. चहा.

ती माझ्याकडे नवीन असतानाची गोष्ट. मी विचारायची, “चाय लोगी?” ती छातीवर हात ठेवून म्हणायची, “नहीं खालाजान, तकलीफ़ मत कीजिए.” मला वाटलं, पीत नसेल. पुढे भट्टीवरची एक बाई मला म्हणाली, “तुमच्याकडे चहा देत नाहीत म्हणे.” मी भडकले. म्हटलं, रोज विचारते, तीच नको म्हणते. “कितीदा विचारता?” “एकदा.” रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी तिला उन्हात उभं केलंय. तेव्हा कळलं की त्यांच्याकडे पहिलं नाही हे समोरच्याच्या मानासाठी असतं, दुसरं स्वतःच्या मानासाठी, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं काय ते सांगतो. माझ्या दुकानात ती बाई कित्येक दिवस तहानलेली बसली होती.

मी पार्टिशनच्या आत गेले. जायला नको होतं, मान्य आहे, पण गेले. म्हटलं, “अगं, तू हिला एकदाच विचारतेस. एकदा विचारून ही पाणीसुद्धा घेत नाही. हिला काहीही झालेलं नाही. ही फक्त सभ्य आहे. त्या साहेबालाही हिने सभ्यपणाच केला.” आणि चहाची गोष्ट सांगितली.

मुलगी रागावली असावी, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग हेरातकरबाईला विचारलं, असंच आहे का. ती लाजून म्हणाली, “एकदम सांगणं बरं दिसत नाही.”

“थँक यू काकू,” मुलगी म्हणाली. “हे मला माहीत नव्हतं. पण एवढंच असेल असं मला वाटत नाही.”

झालं. गिऱ्हाइकाला दोष दाखवून दिला तरी ते म्हणतं, एवढंच असेल असं वाटत नाही. मी मनात म्हटलं, बघूया. तीन खेपांत तुला जे जमलं नाही ते मी कापणीच्या टेबलावर करून दाखवते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना मी साहेब झाले. मापाची टेप गळ्यात, चष्मा नाकावर. ती समोर उभी, हातात कात्री, टेबलावर एका बाईचं निळं मखमल.

“तुमच्या देशात तुम्हाला काय अडचण होती?” मी इंग्रजी ढंगाच्या हिंदीत विचारलं.

“काही नाही साहेब.” ती हसायला लागली होती.

“दुसऱ्यांदा विचारतोय.”

“साहेब, आपल्याला उगीच त्रास.”

“आता तिसऱ्यांदा. तुमच्या नवऱ्याचं काय झालं?”

हसू थांबलं. माझ्याकडे न बघता तिने कात्री मखमलात घातली आणि सरळ कापत गेली, खूण सोडून, आडवी, शेवटपर्यंत. तेवढं निळं मखमल मी चांदनी चौकात दोन दुकानं पालथी घालून आणलं होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. समोरचा भाजीवाला आत डोकावून गेला एवढं सांगते.

ती कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये खाली बसली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. मी हाक मारली, ऐकू आलं नाही. पाणी पुढे केलं, दिसलं नाही. मखमल गेलं ते गेलंच, पण मला पहिल्यांदा भीती वाटली. ही सभ्यता नव्हती. तिसरा प्रश्न विचारून झाला होता आणि आत अजून काहीतरी होतं, ते माझ्या हातात येण्यासारखं नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला घेऊन त्या मुलीकडे गेले.

आत त्या दोघी बराच वेळ होत्या. या वेळी मी प्लायवूडला टेकले नाही, खिडकीपाशी उभी राहिले. नंतर मुलगी एकटीच बाहेर आली.

“काकू, राग मानू नका. त्यांना विचारूनच तुमच्याशी बोलतेय. तुमचा मोठा आवाज त्यांच्यासाठी ट्रिगर आहे.”

“काय आहे?”

“म्हणजे तो आवाज आला की त्यांना जुनं काहीतरी…”

“ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा ना?”

“तसं नाही हो काकू.”

“तसंच आहे. बंदूक चालवणारे राहिले तिकडे, आणि घोडा मी. काम मी दिलं. तिच्या घरमालकाशी मी भांडले. इथे तिला मी आणली. या आवाजावर माझं दुकान उभं आहे. धरणात गाव गेलं तेव्हा हळू बोलणाऱ्याला काय मिळालं ते आमच्या मुरमाड जमिनीत जाऊन बघ.”

हे सगळं मी कुठल्या आवाजात बोलले असेन ते सांगायला नको. खालच्या दवाखान्यातले पेशंट जिन्यात जमले. ती मुलगी मात्र तशीच उभी, चष्म्यामागून बघत. माझं संपल्यावर म्हणाली, “तुमच्याकडे कोणी आलं होतं का काकू, तेव्हा? विचारायला?”

“विषय बदलू नकोस,” मी म्हटलं.

तेवढ्यात हेरातकरबाई दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “खालाजान, आवाज तुमचा वाईट नाही. फक्त तसा आवाज आमच्या दारात आला होता एकदा. तुम्ही ओरडलात की मी आधी दाराकडे बघते. मग तुम्ही दिसता. तेवढ्यात माझा दिवस जातो.”

यावर भांडता येत नाही.

“मुलाखतीपर्यंत हळू बोलाल का?” मुलीने विचारलं. “फक्त तेवढंच.”

आता हा सौदा होता, आणि सौद्यात मला बळ येतं. म्हटलं, हळू म्हणजे किती? फोनवर सुद्धा? ती म्हणाली, दुकानात सुद्धा, फोनवर सुद्धा. मी म्हटलं, चांदनी चौकात मोकळीक पाहिजे. ती म्हणाली, चालेल, तिथे त्या नसतात. मी म्हटलं, मग माझ्याही दोन अटी. प्रत्येक प्रश्न हिला तीनदा विचारायचा, आणि घाईने नाही, मध्ये जागा सोडून. ती म्हणाली, ते मी ठरवलंच होतं. आणि दुसरं, मी म्हटलं, तुझी आई कशी आहे ते हिला सांग.

“आई?”

“ती काळजी करते. तुझ्या घरी काही झालंय का?”

“नाही हो. आईचा गुडघा दुखतो फक्त.”

“मग तेवढं सांग. स्वतःचं काही न सांगणाऱ्या माणसाला ही बाई स्वतःचं कसं सांगेल? तिच्याकडे ते चोरीसारखं आहे.”

मुलगी विचारात पडली. त्यांच्यात स्वतःच्या घरचं बोलायचं नाही असा नियम असतो म्हणे. मग म्हणाली, “गुडघ्यापर्यंत सांगते. त्याच्या पुढे नाही. आणि तुम्ही या वेळात पार्टिशनपाशी बसायचं नाही, खाली भट्टीवर जाऊन बसायचं.”

पुण्याची असून तिने घासाघीस बरी केली, हे मी मान्य करते. ट्रिगर म्हटल्याचं मात्र तिने मागे घेतलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या धंद्याला कसे गेले ते मलाच माहीत. मी कुजबुजत भाव सांगू लागले. गिऱ्हाइकं घाबरली. एकीने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. दुसरीला वाटलं, माल चोरीचा आहे, म्हणून मी हळू बोलतेय, आणि तिने उलट जास्त कापड घेतलं. रॉड बसवणारा कारागीर फोनवर म्हणाला, “मॅडम, आप नाराज़ हो क्या? डाँट नहीं रहीं.” यजमानांनी तर रात्री माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी त्यांना मयूर विहारमध्ये असं काही सुनावलं की त्यांना बरं वाटलं.

दुकानात मात्र मी शब्द पाळला. एकदा इस्त्रीने अस्तर जळलं, तेव्हा मी मागच्या गल्लीत जाऊन एका उभ्या टेम्पोला बोलून आले. परत आले तेव्हा हेरातकरबाई चुण्या घालत होती आणि दाराकडे न बघता म्हणाली, “टेम्पोची काय चूक होती, खालाजान?”

ती त्या मुलीकडे जात राहिली. मी खाली भट्टीवर बसायची आणि बायका मला विचारायच्या, आत काय चाललंय. मला माहीत नसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगत होते. एकदा ती खाली आली आणि बायकांना म्हणाली, “तिच्या आईचा गुडघा आता बरा आहे. हिंगाचं तेल सांगितलं होतं मी.” बायकांनी माना डोलावल्या. ज्या काउन्सेलरला आई आहे आणि त्या आईला गुडघा आहे, ती कोणाला वेडं लिहून देणार नाही, एवढं त्यांना पटलं असावं. पुढच्या आठवड्यात पुतण्यावालीने हळूच मला विचारलं, तिथे जायचं तर आधी कोणाला भेटावं लागतं. “कोणासाठी?” मी विचारलं. “एका ओळखीच्या बाईसाठी,” ती म्हणाली आणि नान न घेताच निघून गेली.

मला राग एका गोष्टीचा. इतकी वर्षं ती माझ्याजवळ बसून काम करत होती, आणि नवऱ्याचं काय झालं ते शेवटी त्या चष्मेवालीला आधी कळलं.

मुलाखतीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. दिवाळीच्या तोंडावर बंद ठेवलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. चाणक्यपुरीत दूतावासाच्या बाहेर ऑटोतून उतरलो. तिने नवा रुमाल बांधला होता. फाटकापाशी गार्ड म्हणाला, फक्त त्या आत जातील. मी तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हटलं, “ठीक है भैया.” गार्डला काही वाटलं नाही, पण तिने माझा हात दाबला आणि आत गेली.

मी समोरच्या फुटपाथवर कडुनिंबाखाली उभी राहिले. त्या भागात बसायला काही नाही, चहा नाही, भांडायलाही कोणी नाही. रुंद रस्ते आणि भिंती. मनातल्या मनात तिच्याऐवजी मीच उत्तरं देत होते, आणि सगळी चांगली देत होते. मग आठवलं की त्या कात्रीच्या दिवशीही प्रश्न विचारताना मी मनातून तिची उत्तरं देऊन ठेवली होती. दुपार कलली. तिच्या आधी गेलेला एक माणूस बाहेर आला, नंतर गेलेलाही आला. मला वाटलं, पुन्हा तसंच झालं असणार, आत कुठेतरी भिंतीशी बसली असेल कानांवर हात ठेवून, आणि मला आत जाता येत नाही. फाटकाकडे जायला मी पाऊल उचललं तेवढ्यात ती बाहेर आली.

चेहऱ्यावरून काही कळेना. मी ऑटो थांबवला. भाव केला नाही, ड्रायव्हर म्हणेल ते कबूल केलं, आणि आम्ही बसलो.

ऑटो वळला तशी ती बोलायला लागली. साहेबाने काय विचारलं, मग तिने काय सांगितलं. दारात कोण आलं होतं, किती जण होते, नवऱ्याने आधी त्यांना चहा विचारला. साहेबासोबतच्या बाईने पाणी दिलं, तिने ते पहिल्यांदा विचारल्यावरच घेतलं. मध्ये रडली, साहेब थांबला, ती पुन्हा बोलली. साहेबाने विचारलं, दिल्लीत तुमचं कोणी आहे का. ती म्हणाली, एक बाई आहेत, दिवसभर ओरडतात. साहेबाने विचारलं, त्रास देतात का. ती म्हणाली, नाही, माझ्यासाठी त्या आता टेम्पोवर ओरडतात. साहेबाला ते कळलं नसावं, पण त्याने लिहून घेतलं. शेवटी तो म्हणाला, आम्हाला हवं ते सगळं मिळालं. पुढे थंडी सरता सरता परवानगी आली आणि ती आईकडे गेली. पण ते नंतरचं.

त्या दुपारी ती थांबतच नव्हती. नवऱ्याचं सांगता सांगता घराचं सांगू लागली, घरातल्या डाळिंबाच्या झाडाचं, सासूचं, आणि बोलता बोलता हिंदी सुटली. तिच्या भाषेत बोलायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता. तिला ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. हात हलवत, हसत, डोळे पुसत ती बोलत होती. ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्याने भोगलकडे जायचा सरळ रस्ता सोडला आणि इंडिया गेटकडून लांबचा घेतला. मला दिसत होतं. एरवी असं कोणी केलं असतं तर तो ऑटो मी रस्त्याच्या मधोमध थांबवला असता.

मी त्याला काही म्हटलं नाही. लांबून जाऊ दिलं.